वाचनवही कशी ठेवावी

नियमाने वाचणाऱ्या माणसाची एक तक्रार जवळजवळ ठरलेली असते. पुस्तक वाचले होते, आवडलेही होते, पण आज त्याबद्दल चार वाक्ये बोलायची वेळ आली तर कथानकाच्या सांगाड्यापलीकडे काही हाती लागत नाही. आणि ज्या ओळीपाशी आपण पुस्तक मिटून बसून राहिलो होतो ती ओळ कोणत्या पुस्तकातली, हेही सांगता येत नाही. वाचनवही ठेवण्याचे खरे कारण हे आहे. वर्षभरात किती पुस्तके झाली याची मोजदाद करायला वहीची गरज नसते, आणि त्या मोजदादीने वाचन सुधारते असे मला कधीही वाटलेले नाही. वहीत उतरवायचे ते, जे आज लिहिले नाही तर पुढे कुठूनही मिळणार नाही. कथानकाचा गोषवारा मलपृष्ठावर असतो, लेखकाची माहिती विश्वकोशात असते, परीक्षणे नियतकालिकांत असतात. पण ही प्रत आपल्या हाती कशी आली, वाचताना आपण कुठे अडलो, कोणता प्रश्न मनात उभा राहिला, या गोष्टींची नोंद दुसरे कोणी ठेवणार नसते. पुढे जे सांगितले आहे ते सगळे या एका कसोटीवर घासून घेतलेले आहे.

वही आणि तिची पाने

शिवलेल्या बांधणीची, निदान दोनशे पानांची आणि टेबलावर सपाट उघडी राहणारी वही घ्यावी. तारेच्या वेटोळ्याची वही सुरुवातीला सोयीची वाटते, पण तिची पाने हाताळून हाताळून तारेपाशी फाटू लागतात, आणि या वहीचे आयुष्य तर दहा-वीस वर्षांचे धरायचे असते. सुट्या कागदांची फाइल मी सुचवणार नाही, कारण सुटा कागद जागा बदलतो आणि मग अनुक्रमणिकेतला पृष्ठक्रमांक निरुपयोगी ठरतो. लिहायला साधे बॉलपेन उत्तम. शाईपेनाचे अक्षर सुरेख दिसते हे खरे, परंतु त्याची नेहमीची शाई पाण्याने विरघळते, आणि कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात कपाटाने ओल धरली की सर्वांत आधी अशी अक्षरे पसरतात.

वही आणल्यावर पहिले काम म्हणजे सर्व पानांवर क्रमांक घालणे. हे कंटाळवाणे काम टाळू नये, कारण क्रमांक नसलेल्या वहीची सूची करता येत नाही आणि सूची नसलेली वही दोन वर्षांनी कोणी उघडत नाही. पहिली वीस पाने सूचीसाठी सोडावीत. शेवटची तीस पाने अनोळखी शब्दांसाठी आणि पुढे वाचायच्या पुस्तकांसाठी ठेवावीत. मधल्या भागात नोंद नेहमी उजव्या पानावर लिहावी आणि समोरचे डावे पान कोरे सोडावे. कागद वाया जातो असे वाटून अनेक जण हे करत नाहीत, पण त्या कोऱ्या पानाचे काम पुढे, पुस्तक पुन्हा हाती घेतल्यावर, कळते.

नोंदीचा माथा

प्रत्येक नोंदीच्या वरच्या चार-पाच ओळींत पुस्तकाची ओळख असावी: लेखक, पुस्तकाचे नाव, प्रकाशक, प्रकाशनाचे वर्ष, आवृत्ती, अनुवाद असल्यास अनुवादकाचे नाव, आणि वाचन सुरू केल्याची व संपवल्याची तारीख. हा भाग रूक्ष वाटतो, तरी मी त्याबद्दल सर्वांत आग्रही आहे. मराठीत एकच पुस्तक वेगवेगळ्या रूपांत हिंडत असते, आणि आपण त्यातले कोणते रूप वाचले हे लिहिलेले नसेल तर पुढची सगळी नोंद लंगडी पडते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्या. ते लेखन १९३०च्या दशकात चार भागांत प्रसिद्ध झाले आणि नंतर त्याच्या संपूर्ण व संक्षिप्त अशा दोन्ही प्रकारच्या आवृत्त्या निघाल्या. संक्षिप्त प्रत वाचलेल्याने 'इथे लेखिका फारच भरभर पुढे जाते' असे लिहिले, तर तो दोष लेखिकेचा की संपादकाच्या कात्रीचा, हे केवळ नोंदीच्या माथ्यावरूनच ठरू शकते.

'आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' हे दोन शब्दही वेगळे ठेवावेत. पुनर्मुद्रणात मजकूर सहसा तोच असतो. नव्या आवृत्तीत लेखकाने भर घातलेली असू शकते, जुनी प्रस्तावना गळालेली असू शकते, परिशिष्ट जोडलेले असू शकते. ही माहिती मुखपृष्ठानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर छापलेली असते आणि ते पान आपण सवयीने उलटतो. तिथे पहिल्या प्रकाशनाचे वर्ष पाहावे आणि हातातल्या प्रतीचेही पाहावे, आणि दोन्ही लिहावीत. जुन्या पुस्तकांवर इसवी सनाऐवजी शक दिलेला असतो. त्यात ७८ मिळवले की सन मिळतो. मात्र शकाचे वर्ष चैत्रापासून सुरू होत असल्यामुळे पुढच्या जानेवारी ते मार्च या महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात. म्हणून नुसते 'शके १८४०' असे छापलेले असेल आणि महिना दिलेला नसेल, तर वहीत '१९१८-१९' असे लिहावे. एकच सन ठोकून देऊ नये.

पुस्तक आधी कुठे क्रमशः छापले गेले होते का, हेही कळल्यास नोंदवावे, कारण त्यावरून पुस्तकाची घडण उलगडते. हरि नारायण आपट्यांच्या कादंबऱ्या त्यांच्या 'करमणूक' साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने येत होत्या. ही गोष्ट ठाऊक असलेला वाचक प्रकरणाच्या शेवटी येणारी उत्कंठा आणि पुढच्या प्रकरणाच्या आरंभी होणारी मागच्या घटनांची उजळणी यांकडे दोष म्हणून पाहत नाही. आठवडाभर थांबलेल्या वाचकासाठी केलेली ती सोय आहे हे त्याला समजते.

अनुवादाच्या बाबतीत अनुवादकाच्या नावासोबत आणखी एक ओळ हवी: अनुवाद मूळ भाषेतून थेट झाला आहे की इंग्रजी किंवा हिंदीतून आला आहे. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या कादंबऱ्या मराठी वाचकांच्या कित्येक घरांत मामा वरेरकरांच्या अनुवादांतून पोहोचल्या. तिथे एखादे वाक्य आपल्याला भावते तेव्हा त्याचे श्रेय दोघांचे असते, आणि अनुवादकाचे नाव न लिहिणारी वही त्यातल्या एकावर अन्याय करते.

माथ्याची शेवटची ओळ म्हणजे प्रत कुठली. घरची, मित्राची, रद्दीतून घेतलेली की ग्रंथालयातली? ग्रंथालयाची असेल तर तिच्यावर शिक्क्यासोबत दाखल क्रमांक असतो, तो उतरवून घ्यावा. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० मधले आहे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मधले आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मधले. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा आरंभ तर १८३२चा आहे. अशा ठिकाणी बाजारातून केव्हाच नाहीशा झालेल्या आवृत्त्या मिळतात, आणि दाखल क्रमांक हाताशी असेल तर तीच प्रत पुन्हा मागणे सोपे जाते. जुनी प्रत विकत घेतली असेल तर ती पूर्ण आहे की नाही हे तपासून तसे लिहावे. आपल्याकडे पुस्तक सामान्यतः सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी बांधले जाते, त्यामुळे शिवण सैल झाली की एखादे पान न निसटता पुष्कळदा अख्खा फर्माच निसटतो. '९७ ते ११२ ही पृष्ठे नाहीत' अशी एक ओळ वहीत असली की दुसरी प्रत समोर येताच नेमके काय वाचायचे राहिले आहे ते कळते.

वाचता वाचता

वाचताना वही शेजारी उघडी ठेवू नये. ती समोर असली की माणूस पुस्तकापेक्षा नोंदीसाठी वाचू लागतो, आणि कादंबरीसारख्या सलग वाहणाऱ्या लेखनात हे फार बाधते. त्याऐवजी पुस्तकात एक लांबट कागदी पट्टी खूण म्हणून ठेवावी आणि तिच्यावर पेन्सिलीने पृष्ठक्रमांक व दोन-तीन शब्द एवढेच टिपावे: '४३ – विहिरीचे वर्णन', '८८ – हा इथे खोटे का बोलतो?' पुस्तक संपेपर्यंत ही पट्टी भरते आणि तिच्यावरून नोंद लिहिता येते. आपल्या मालकीच्या पुस्तकात पेन्सिलीने हलकी खूण करायला हरकत नाही. ग्रंथालयाच्या पुस्तकात मात्र एक टिंबही काढू नये. आपल्यानंतर ते पुस्तक ज्याच्या हाती जाईल त्याला ते आपल्या खुणांशिवाय वाचण्याचा हक्क आहे.

पुस्तक संपल्याबरोबर लिहायला बसू नये, आणि आठवडाभर टाळूही नये. एक रात्र मध्ये जाऊ द्यावी. ताज्या वाचनात शेवटच्या प्रकरणाचा प्रभाव इतका असतो की सगळी नोंद त्या शेवटाबद्दलच होते; एका रात्रीनंतर पुस्तकाचा मधला भाग पुन्हा वर येतो.

आता नोंदीत लिहायचे काय? अनेक जण कथानक लिहून पान भरतात, आणि हीच नोंद पुढे सर्वांत निकामी ठरते. पाच ताऱ्यांपैकी तीन तारे, 'सुंदर', 'अप्रतिम', 'जरूर वाचावे' हे शेरेही तसेच. त्यांतून काही वर्षांनी आपण पुस्तकाबद्दल काय विचार केला होता ते कळत नाही, एवढेच कळते की तेव्हा आपण खूश होतो. त्याऐवजी तीन गोष्टी लिहिण्याची सवय लावावी: पुस्तक कसे रचले आहे, आपण कुठे थांबलो, आणि कोणता प्रश्न घेऊन उठलो. तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आणि सर्वांत मोलाची आहे.

उदाहरणासाठी मुद्दाम सर्वांच्या ओळखीचे पुस्तक घेतो. साने गुरुजींची 'श्यामची आई' १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची नोंद मी अशी करीन:

'रचना: बेचाळीस रात्री. आश्रमातल्या सोबत्यांना मोठा झालेला श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो. प्रकरणांना "प्रकरण" न म्हणता "रात्र" म्हटल्यामुळे ऐकणारी माणसे सतत जवळ बसल्यासारखी वाटतात.

थांबलो ती जागा: आंघोळीनंतर पायांना माती लागू नये म्हणून श्याम आईला पदर पसरायला लावतो. प्रसंग अर्ध्या पानाचाही नाही. ओले तळवे, धोंडा आणि पदर, एवढ्यावर उभा आहे.

प्रश्न: प्रसंग संपताना आई शिकवणुकीचे जे वाक्य बोलते ते त्या वेळच्या आईचे, की आज गोष्ट सांगणाऱ्या श्यामने तिच्या तोंडी घातलेले? दोघांची भाषा कुठे वेगळी होते का, हे पुढच्या वाचनात पाहायचे.'

एवढी नोंद पुरेशी आहे. ती लिहायला फार वेळ लागत नाही, तिच्यात स्तुतीचा एक शब्द नाही, आणि तरीही ती वाचल्यावर पुस्तक पुन्हा उघडावेसे वाटते. प्रश्न लिहिता आला नाही तर तेही प्रामाणिकपणे लिहावे. काही पुस्तके आनंद देतात आणि प्रश्न न विचारता निघून जातात. अशा पुस्तकांवर ओढूनताणून विचार लादू नये.

उतारे आणि शब्द

आवडलेले वाक्य उतरवताना ते जसेच्या तसे उतरवावे आणि शेवटी पृष्ठक्रमांक द्यावा. मधला भाग गाळला तर तीन टिंबे द्यावीत, आणि आपले स्वतःचे म्हणणे अवतरणचिन्हांच्या बाहेर ठेवावे. असे केले नाही तर काही वर्षांनी लेखकाचे वाक्य कोणते आणि आपले कोणते हे आपल्यालाच ओळखता येत नाही. जुन्या पुस्तकांच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. साहित्य महामंडळाने तयार केलेले शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ मध्ये मान्य केले आणि अनुच्चारित अनुस्वार छपाईतून गेले. त्याआधीच्या प्रतींत 'नांव', 'आतां', 'केलें' अशी रूपे दिसतात. उतारा घेताना ती सुधारू नयेत. 'केलें' मधल्या अनुस्वारात त्या काळच्या व्याकरणाची खूण आहे, आणि कवितेत तर अशा एका बदलानेही ओळीचे दिसणे पालटते.

शब्दांसाठी राखलेल्या पानांवर नुसता शब्द आणि अर्थ लिहिणे मला अपुरे वाटते. शब्द ज्या वाक्यात भेटला ते वाक्य, पुस्तक आणि शक्य असल्यास लेखकाचा प्रदेश असे तिन्ही लिहावे. घराच्या पुढच्या भागासाठी एका लेखकाच्या लेखनात 'सोपा' येतो, दुसऱ्याच्या 'ओसरी', तिसऱ्याच्या 'पडवी'. तिन्ही शब्दांना 'घराचा पुढचा भाग' असा एकच अर्थ लिहून मोकळे झालो, तर कोल्हापूरकडचे घर आणि कोकणातले घर एकसारखे होऊन बसते. वाक्ये शेजारी शेजारी ठेवली की कोण कुठे बसते, धान्य कुठे ठेवतात, पाऊस कुठवर येतो, हा फरक दिसू लागतो. पेरणीच्या वर्णनांत 'पाभर' आणि 'तिफण' ही पेरणीची अवजारे भेटतील तेव्हाही हेच करावे.

कोश पाहायचा तर यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' पहिल्यांदा उघडावा. तो १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाला आणि त्याची पुरवणी १९५० मध्ये निघाली. त्याही आधीच्या शब्दांसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ची. हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात, त्यामुळे घरात जाडजूड खंड नसल्याची सबब आता उरलेली नाही. कोशात शब्द मिळाला नाही तर त्या भागातल्या माणसाला विचारावे. अहिराणी किंवा मालवणी बोलणारी व्यक्ती आपल्या ओळखीत बहुधा असतेच, आणि तिच्याकडून अर्थासोबत तो शब्द कधी वापरतात आणि कधी वापरत नाहीत हेही कळते, जे कोश क्वचितच सांगतो.

कविता, अभंग, ओव्या

कवितेचा सारांश लिहिता येत नाही, म्हणून तिची नोंद वेगळी. आवडलेली कविता हाताने पूर्ण उतरवून घ्यावी. नक्कल करताना हात सावकाश चालतो आणि वाचताना डोळ्यांनी ओलांडलेली यती म्हणजे ओळीतला विसावा, अडखळणारा चरण, मुद्दाम मोडलेला यमक यांपाशी आपोआप थांबावे लागते. उतरवल्यावर एकदा मोठ्याने म्हणावी आणि म्हणताना जीभ कुठे अडली त्या शब्दाखाली खूण करावी.

संतसाहित्य नियमाने वाचणाऱ्यांनी संदर्भाबद्दल काटेकोर असावे. ज्ञानेश्वरीतली ओवी अध्याय आणि ओवी-क्रमांकासह लिहावी, आणि प्रत कोणती तेही लिहावे, कारण प्रतींप्रतींत क्रमांक थोडे पुढेमागे होतात. तुकोबांच्या गाथेत हा फरक फारच मोठा असतो. एका गाथेतला अभंग-क्रमांक दुसऱ्या गाथेत शोधायला गेले तर भलताच अभंग समोर येतो. यासाठी अभंगाचे पहिले चरण नेहमी लिहावे. चरणसूची बहुतेक गाथांना जोडलेली असते आणि तिच्यावरून कोणत्याही प्रतीत अभंग मिळतो.

दिवाळी अंकांची नोंद

मराठी वाचकाच्या वहीत एक विभाग असा असतो, जो इतर भाषांतल्या वाचकाच्या वहीत बहुधा नसेल. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून कथा, कविता, लेख, व्यंगचित्रे यांचा फार मोठा साठा दरवर्षी या अंकांतून येतो. त्यातले काही पुढे पुस्तकांत जाते. पुष्कळसे जात नाही. अंक रद्दीत गेला की ती कथा वाचकाच्या दृष्टीने संपली, आणि 'कुठल्याशा दिवाळी अंकात एक अप्रतिम कथा वाचली होती' एवढे वाक्य काय ते उरते. मला या विभागाबद्दल विशेष जिव्हाळा आहे, कारण इथे आपली वही हीच पुष्कळदा त्या कथेपर्यंत जाण्याची एकमेव वाट असते.

प्रत्येक वर्षासाठी दोन समोरासमोरची पाने ठेवावीत. अंकाचे नाव, वर्ष, पृष्ठ, लेखक, शीर्षक, आणि एका वाक्यात कथेतली एखादी ठसठशीत गोष्ट. 'नातेसंबंधांवरची कथा' असे लिहू नये. दिवाळी अंकांतल्या निम्म्या कथा नातेसंबंधांवरच्या असतात. 'बंद गिरणीच्या पहारेकऱ्याची कथा, शेवटी तो भोंग्याच्या वेळेला जागा होतो' असे लिहिले तर ती कथा पुन्हा ओळखता येते. पूर्ण अंक वाचून संपवण्याचा हट्ट धरू नये. बहुतेक ग्रंथालये वेगळी वर्गणी घेऊन दिवाळी अंकांची योजना चालवतात आणि पुढचे काही महिने अंक फिरत राहतात. त्या योजनेत नाव घालून प्रत्येक अंकातले आपल्याला हवे तेवढेच वाचावे आणि लगेच टिपावे, कारण अंक परत करण्याची तारीख जवळ असते. पुढे तीच कथा एखाद्या संग्रहात भेटली तर समोरच्या बाजूला संग्रहाचे नाव लिहावे. लेखकाने मधल्या काळात कथेत बदल केला आहे का, हे पाहण्यासारखा दुसरा अभ्यास नाही.

लहानपणी वाचलेल्या मासिकांसाठीही एखादे पान काढून ठेवावे. आधी आठवते तेवढे आठवणीने लिहावे आणि मगच मूळ अंक पाहावा, कारण आठवणीने कथेत काय काय बदलले ते या क्रमानेच कळते. बालभारतीचे 'किशोर' १९७१ मध्ये सुरू झाले आणि त्याचे जुने अंक आता संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत, त्यामुळे निदान त्या मासिकापुरता हा ताळा घरबसल्या पाहता येतो.

अर्धवट सोडलेली आणि पुन्हा वाचलेली पुस्तके

सोडून दिलेल्या पुस्तकाची नोंद दोन ओळींत करावी: कितव्या पानावर सोडले आणि का. 'कंटाळा आला' हे कारण नव्हे. पात्रांची नावे लक्षात राहत नव्हती, भाषा परकी वाटली, त्या दिवसांत दुःखाचे वाचवत नव्हते, असे काहीतरी नेमके असते. कारण लिहिले की पुस्तक नाकारले आहे की नुसते पुढे ढकलले आहे हे ठरते.

पुनर्वाचनासाठी डावे पान राखलेले आहे. पुस्तक पुन्हा हाती घेताना जुनी नोंद आधी वाचू नये. वाचन संपवून, नवे मत डाव्या पानावर लिहून, मग उजवीकडे नजर टाकावी. कित्येकदा आपण दोन्ही वेळा एकाच पानावर थांबलेलो असतो आणि कारणे मात्र वेगळी असतात. कधी पहिल्या वेळचा प्रश्न आता भाबडा वाटतो. तो खोडू नये. तो त्या वयाच्या वाचकाचा प्रश्न आहे आणि त्याची जागा तिथेच आहे.

सूची

महिन्यातून एकदा अर्धा तास काढून सूची पूर्ण करावी. लेखक आडनावाने लावणे सोयीचे, ग्रंथालयेही तसेच करतात. टोपणनावांचा प्रश्न आधीच सोडवून ठेवावा: 'कुसुमाग्रज' आणि 'शिरवाडकर, वि. वा.', 'गोविंदाग्रज' आणि 'गडकरी, राम गणेश' अशा दोन्ही ठिकाणी नाव घालून एकीकडून दुसरीकडे 'पाहा' असे लिहावे. 'क्ष' हे अक्षर 'क'मध्ये धरायचे की शेवटी, 'ज्ञ' हे 'ज'मध्ये की शेवटी, हेही पहिल्याच दिवशी ठरवावे. कोणतीही पद्धत चालेल, पण वहीच्या मध्यावर ती बदलू नये. लेखकांखेरीज विषयांची छोटी सूचीही असावी. तिच्यात 'प्रेम', 'समाज' असे ऐसपैस विषय घालू नयेत. 'बोटीचा प्रवास', 'दुष्काळ', 'शाळामास्तर', 'पत्रांतून सांगितलेली गोष्ट' असे हाताशी येणारे विषय घातले की एका संध्याकाळी 'दुष्काळ' या शब्दापुढचे पृष्ठक्रमांक पाहून चार लेखकांना शेजारी बसवता येते, आणि आपल्या वाचनात अशी सोबत आहे याची आपल्याला तोवर कल्पनाही नसते.

सूची संगणकावर ठेवायची असेल तर जरूर ठेवावी. शोधणे फार सोपे होते. मजकूर युनिकोडमध्येच टंकित करावा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेले देवनागरी दुसऱ्या यंत्रावर अक्षरांची खिचडी होऊन दिसते आणि शोधताही येत नाही. मूळ नोंद मात्र हातानेच लिहावी असे माझे ठाम मत आहे. पानाचे छायाचित्र भ्रमणध्वनीत घेऊन ठेवणे ही नोंद नव्हे. त्यात आपण काहीही निवडलेले नसते. ई-पुस्तक वाचताना अक्षराचा आकार बदलला की पानेही बदलतात, म्हणून पृष्ठक्रमांकाऐवजी प्रकरणाचा क्रमांक आणि परिच्छेदाचे पहिले तीन-चार शब्द लिहावेत.

वही भरल्यावर

भरलेल्या वहीच्या कण्यावर तिचा क्रमांक आणि काळ लिहावा, आणि पुढच्या वहीपासून सूचीत वहीचा क्रमांकही घालावा: '३/४७' म्हणजे तिसरी वही, सत्तेचाळीसावे पान. वह्या भिंतीला चिकटून ठेवू नयेत, पावसाळ्यात बंद कपाट अधूनमधून उघडून वारा द्यावा, आणि चंदेरी कसर दिसली तर प्रत्येक वही उन्हाच्या कडेला, प्रत्यक्ष उन्हात नव्हे, पाने उलगडून ठेवावी. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागद खातो; पातळ कागदाची पट्टी आणि मैद्याची खळ पुरते.

शेवटी पुढे वाचायच्या पुस्तकांची यादी नव्या वहीत न्यायची असते. ती सरसकट उतरवू नये. प्रत्येक पुस्तकासमोर ते कोणी सुचवले किंवा कोणत्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत भेटले हे लिहिलेले असेल, ते वाचावे आणि आजही ओढ वाटते का ते स्वतःला विचारावे. वाटत असेल तर जुन्या वहीच्या पृष्ठक्रमांकासह नाव पुढे न्यावे, नसेल तर रेघ मारावी, आणि ग्रंथालयात जाताना या नव्या यादीतली पहिली तीन नावे कागदावर उतरवून सोबत न्यावीत.